पन्नास, पंचाहत्तर, पन्नास

एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत,
मी कूलर बंद करते.
वाळ्यावरची टपटप थांबते आणि घरातले तिघे
असे पाहतात, की मी कुणाच्या ताटातली भाकर उचलली.
"काहून बंद केला बाई?" सासरे विचारतात.
थंडी वाजते म्हणायची लाज वाटते
या गावात, जिथं डांबर चपलेला चिकटतं.
मी मोजे घालते. लोकरीचे. गुपचूप.

पहाटे साडेपाचला गोळी,
साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, नुसत्या पाण्यासोबत.
मग पाऊण तास चहा नाही.
तो गॅसवर नाही, डोक्यात उकळत राहतो.
कॅल्शियमची गोळी दुपारी, हिच्यापासून चार तास लांब,
दोन भांडलेल्या जावा
एका लग्नात वेगवेगळ्या पंगतीला.

कळमन्यात मी काटापट्टी लिहिते.
मिरचीची पोती, क्विंटल, किलो, बारदान वजा.
घरी जेवण तेवढंच, उलट एक पोळी कमी,
आणि आठ महिन्यांत सात किलो.
चिंधूजी हमाल म्हणाले, "ताई, तब्येत सुधरली तुमची."
मी हसले. आवाज माझा नव्हता,
घोगरा, उशिरा पोचलेला.
यातलं बारदान किती, ते कोण वजा करणार?
त्याच दिवशी, चौदा वर्षं रोज पाहिलेल्या
अडत्याचं नाव विसरले.
पट्टीवर नुसती रेघ ओढून बसले.
सुलक्षणा मेश्राम कानाशी वाकली: पौनीकर.
घसरलेला पदर सावरून द्यावा, तसं दिलं तिनं ते नाव.

धंतोलीत डॉक्टर मुंडले रिपोर्टवर बोट ठेवतात.
टीएसएच अकरा पूर्णांक चार.
"पन्नासची पंचाहत्तर करू."
मायक्रोग्रॅम म्हणजे किती हो?
"एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यातले पंचाहत्तर."
मी क्विंटल लिहिणारी बाई.
वाटलं, एवढ्याशानं काय हलणार?

हललं.
तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोनला,
छातीत कुणीतरी जिना उतरत होतं धाडधाड,
पायऱ्या संपेचनात.
दिवसा हात थरथरला, माझे आठ आणि तीन सारखे दिसू लागले.
म्हणून आता एक दिवस पन्नास, एक दिवस पंचाहत्तर.
फ्रिजवरच्या कॅलेंडरवर फुली, गोळा, फुली.
"आई, तू एकटीच खेळून राहिली," मुलगी म्हणते.
आणि एक मंगळवार रिकामा.
घेतली होती की नाही?
बाटली ओतून गोळ्या मोजल्या. दोनदा.
दोन उत्तरं आली.

सहा आठवडे थांबा, मग रक्त.
सहा आठवडे म्हणजे
न्हाणीच्या जाळीवरून रोज उचलायचा केसांचा गुंता,
टाचांच्या भेगांत खोबरेल,
दुपारी तीनला पोत्यांच्या आडोशाला मिटलेले डोळे,
नवऱ्याला न रागावता सांगायचं, की हा आळस नाही,
मग रागावूनच सांगायचं.

नवतपा लागला. पत्र्याखाली भट्टी,
मिरचीच्या ठसक्यानं सगळे खोकत होते.
लिहिता लिहिता पट्टीवर काहीतरी पडलं.
शाई फुटली, चौसष्टचा पत्ता लागेना.
वर पाहिलं. पत्रा कोरडा.
मानेवर हात नेला.
घाम. माझा.
सुलक्षणापुढे ओला तळहात धरला.
"अवं बाई, सगळ्यांनाच येऊन राहिला!"
तेच तर.

रक्त सोमवारी द्यायचंय. आकडा काय येईल, माहीत नाही.
पट्टी फाडली. नवी लिहिली.
बारदान वजा केलं.